थरथरणारी भिंत

गोंदिया जिल्ह्यातील एका गावच्या तलावाची ही गोष्ट आहे. गावाचे नाव येथे देत नाही, कारण गोष्टीत एका गवंड्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न गुंतला होता आणि त्याची चर्चा पुन्हा उकरून काढण्यात अर्थ नाही. प्रश्न सुटला तो मात्र गणिताने, आणि त्या गणिताचा इतिहास दोनशे वर्षे मागे जातो. म्हणून तो शिक्षकांपुढे मांडावासा वाटतो.

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धानाचा आणि तलावांचा हा मुलूख. कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी जमिनीचा उतार नुसत्या नजरेने हेरून येथे तलाव बांधले. नवेगाव बांधच्या तलावाशी अठराव्या शतकाच्या आरंभीच्या कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडले जाते. तलावाच्या पाळीला येथे पार म्हणतात, जादा पाणी वाहून जाण्याच्या जागेला सलंग, आणि शेताला पाणी सोडण्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या दाराला तुडुम. मालगुजारी संपली १९५१ साली, पण 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव हे नाव सरकारी कागदांत अजून टिकून आहे.

आमच्या गोष्टीतील तलावाच्या सलंगापाशी दगडी भिंतीची दुरुस्ती झाली होती. भिंत काटकोनात वळलेली, एक बाजू जवळजवळ पूर्व-पश्चिम आणि दुसरी दक्षिणोत्तर. जाडी सगळीकडे ४५ सेंटीमीटर. जवळच्या एका शाळेतील उत्साही शिक्षकांनी ठरवले की मुलांकडून या तलावाचा आराखडा संगणकावर काढून घ्यायचा आणि शाळेतील त्रिमितीय मुद्रणयंत्रावर त्याची प्रतिकृती करायची. मोजणीला उपग्रहांवरून स्थान सांगणारे चांगले यंत्र मिळाले. भिंतीच्या दोन्ही कडांवर दर दोन मीटरला एकेक बिंदू घेतला गेला. आकडे संगणकात भरले, रेषा जोडल्या आणि शंभरास एक या प्रमाणात प्रतिकृती छापली. शाळेच्या प्रदर्शनात ती ठेवली तेव्हा गावातील माणसे वाकवाकून पाहू लागली. मग एकाने बोट ठेवले. साडेचार मिलिमीटर जाड असायला हवी ती भिंत काही ठिकाणी जेमतेम अडीच मिलिमीटर होती!

संगणक चुकत नाही, या समजुतीचे वजन खेड्यात फार आहे. शहरातही कमी नाही. "मिस्त्रीनं मधी मधी भिंत बारीक केली" अशी कुजबुज सुरू झाली. मिस्त्री बिचारा म्हणाला, "टेप लावून पाहा ना सर." टेप लावला तर ४५ सेंटीमीटर. पण तोवर लोक म्हणू लागले होते, की टेप वरच्या थराला लावला, यंत्राने आतले पाहिले. यंत्र भिंतीच्या आत पाहत नाही हे सांगूनही पटेना. योगायोगाने त्या आठवड्यात शिक्षकांच्या एका कार्यशाळेसाठी आम्ही गोंदियास गेलो होतो. शिक्षक आराखड्याची फाईल घेऊन आमच्याकडे आले.

पडद्यावर आराखडा उघडला तर आणखी एक नवल दिसले. दुरून पाहिले की सारे ठीक. भिंतीजवळ जाऊन चित्र जरा फिरवले की रेषा थरथरू लागत. कोपरे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारत आणि चित्र थांबवले की कुठेतरी स्थिरावत, पण दर वेळी त्याच जागी नव्हे. विहिरीचे वर्तुळ चेपलेले, आणि विहिरीजवळची एक अरुंद नाली तर एका कोनातून दिसे व दुसऱ्या कोनातून नाहीशी होई.

येथे आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. पहिली अख्खी दुपार आम्ही यंत्रांवर संशय घेण्यात घालवली. मुद्रणयंत्राची तोटी तपासली, संगणकातले चित्र दाखवणारे कार्ड बदलून पाहिले, मोजणीच्या वेळी आकाशात किती उपग्रह होते तेही विचारले. आठवी-नववीतील एक मुलगी शेजारी उभी राहून सगळे पाहत होती. ती म्हणाली, "सर, उभी भिंत चांगली आहे. आडवीच बिघडली." नकाशात उत्तर वर असते, म्हणून तिच्या भाषेत उभी म्हणजे दक्षिणोत्तर. खरेच, दक्षिणोत्तर भिंतीची जाडी सगळीकडे जवळपास सारखी होती. पूर्व-पश्चिम भिंतच २५ आणि ५० सेंटीमीटर यांच्यात हेलकावे खात होती. तोटीला किंवा उपग्रहाला अशी दिशांची निवड करण्याचे काही कारण नाही. मुद्रणासाठी तयार केलेल्या फाईलमधील आकडे आम्ही कागदावर उतरवून घेतले आणि उत्तरेकडील अंतराच्या स्तंभावरून नजर फिरवली. प्रत्येक आकडा .००, .२५, .५० किंवा .७५ ने संपत होता. एकही अपवाद नाही. मूळ आराखड्याच्या फाईलमध्ये मात्र मिलिमीटरपर्यंतचे आकडे जसेच्या तसे शाबूत होते.

आता कारण दिसू लागले.

मोजणीच्या यंत्राने दिलेले अंतर कुठून मोजलेले असते? आज जगभर रूढ असलेल्या युनिव्हर्सल ट्रान्सव्हर्स मर्केटर या जाळ्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे करतात. त्याचे मूळ गाउसने १८२० च्या दशकात हॅनोव्हरच्या मोजणीसाठी केलेल्या गणितात आहे. क्रूगरने १९१२ साली ते वापरण्याजोग्या सूत्रांत मांडले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने त्याला आजचे रूप दिले. गोंदिया ४४ व्या पट्ट्यात येते, ज्याचे मध्यवृत्त ८१ अंश पूर्व रेखांश. या मध्यवृत्ताला शून्य न मानता ५,००,००० मीटर मानतात. पश्चिमेकडील ठिकाणांना उणे आकडे येऊ नयेत आणि नकाशा हाती घेतलेल्या माणसाची बेरीज-वजाबाकीत चूक होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. म्हणून गोंदिया शहराचा पूर्वेकडील आकडा सुमारे ४ लाख १७ हजार मीटर येतो. उत्तरेकडील आकडा मात्र थेट विषुववृत्तापासून मोजतात. तो येतो सुमारे २३ लाख ७२ हजार मीटर. म्हणजे गावच्या ४५ सेंटीमीटरच्या भिंतीची एक कड कुठे आहे हे सांगताना आपण प्रथम हिंदी महासागरातील विषुववृत्तावर जाऊन उभे राहतो आणि तेथून टेप लावतो!

हा आकडा मिलिमीटरपर्यंत लिहायचा तर दहा अंक लागतात. संगणकात अपूर्णांक ठेवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. विल्यम काहान व इतरांच्या प्रयत्नांतून १९८५ साली त्यांचे मानक ठरले. पैकी एका रीतीत आकड्याला ३२ द्विमान अंक मिळतात, दुसऱ्या रीतीत ६४. बत्तीसपैकी चिन्ह आणि घातांक यांना जागा दिल्यावर प्रत्यक्ष आकड्यासाठी अचूकतेचे २४ अंक राहतात. आपल्या दशमान पद्धतीत सांगायचे तर जेमतेम सात. आराखडा काढण्याची चांगली आज्ञावली फाईलमध्ये ६४ अंकी आकडे ठेवते. त्या रीतीत गोंदियाच्या उत्तर-अंतरातील दोन लगतच्या आकड्यांमध्ये अर्ध्या नॅनोमीटरहून कमी फट असते. भिंतीच्या कामास ती पुरून उरते. पण चित्र पडद्यावर उमटवणारे कार्ड बहुधा ३२ अंकीच हिशेब करते, कारण सेकंदाला लक्षावधी बिंदू हलवायचे तर तो हिशेब स्वस्त व जलद पडतो. त्रिमितीय मुद्रणासाठी १९८७ पासून वापरात असलेल्या एसटीएल या फाईलच्या द्विमान प्रकारातही प्रत्येक अंतर ३२ अंकीच लिहितात. पडद्यावर जी थरथर होती ती मुद्रणाच्या फाईलमध्ये गोठून बसली आणि तिचे दगडात नव्हे तरी प्लॅस्टिकमध्ये रूपांतर झाले.

फट किती, हे शिक्षकांना फळ्यावर काढता येईल. चोवीस द्विमान अंकांनी लिहिलेल्या, २ च्या २१ व्या घातापासून (२०,९७,१५२) २ च्या २२ व्या घातापर्यंतच्या (४१,९४,३०४) आकड्यांमध्ये लगतच्या दोन आकड्यांतील अंतर असते २ चा २१ वा घात भागिले २ चा २३ वा घात, म्हणजे पाव. गोंदियाचे २३ लाख ७२ हजार मीटर याच टापूत पडतात. पाव मीटर म्हणजे २५ सेंटीमीटर. पूर्वेकडील ४ लाख १७ हजार हा आकडा २ च्या १८ व्या आणि १९ व्या घातांमध्ये येतो. तेथे फट येते एक बत्तिसांश मीटर, म्हणजे तीन सेंटीमीटरांहून थोडी जास्त. उत्तर दिशेची जाळी पूर्व दिशेच्या जाळीपेक्षा आठपट विरळ! त्या मुलीने पाहिलेले अगदी बरोबर होते. पूर्व-पश्चिम भिंतीची जाडी उत्तर दिशेला मोजली जाते, म्हणून ४५ सेंटीमीटरची भिंत कुठे एक घर घेई (२५), कुठे दोन घरे (५०). नालीच्या दोन्ही कडा काही ठिकाणी एकाच घरात पडल्या, म्हणून तेथे नाली गडप झाली. उंचीच्या आकड्यांना काहीच झाले नव्हते, कारण समुद्रसपाटीपासूनची उंची शेकड्यांत असते आणि तेथे फट मिलिमीटराच्याही शतांशांत राहते.

आणि थरथर का? चित्र फिरवताना कार्ड एक मोठा आकडा दुसऱ्या मोठ्या आकड्यातून वजा करते. दोन्ही आधीच पूर्णांकित झालेले. पाहण्याचा कोन केसभर बदलला की पूर्णांकन वेगळे होते आणि बिंदू शेजारच्या घरात उडी मारतो. मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून लहान फरक काढणे किती धोक्याचे असते हे प्रयोगशाळेत वजनकाट्यावर आपण मुलांना शिकवतोच. ट्रक मालासकट तोलला, मग ट्रक रिकामा तोलला, आणि फरकातून खिशातल्या नाण्याचे वजन काढायचे ठरवले, तर काय होईल?

येथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. २०,९७,१५२ मीटर हे उत्तर-अंतर जेथे येते ती ओळ १९ अंश अक्षांशाच्या किंचित खाली आहे. ती मुंबई शहरातूनच जाते. तिच्या दक्षिणेस फट निम्मी, साडेबारा सेंटीमीटर. म्हणजे हाच तलाव पुण्यात असता तर भिंत निम्म्यानेच थरथरली असती! सोलापूर-कोल्हापूरकडे प्रश्न कमी जाणवावा आणि विदर्भात जास्त, यात कोणाचा पक्षपात नाही; दोनच्या घातांची ती कृपा आहे.

हा दोष नवा आहे काय? आमच्या मते दोष नवा, पण त्याच्यामागचा पेच जुनाच आहे. गोंदियाहून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरांच्या आत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये तेथेच काम करता करता वारला आणि तेथेच त्याची कबर आहे. त्याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केलेली त्रिकोणांची साखळी तोवर विदर्भात पोचली होती. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने ती हिमालयापर्यंत नेली. त्या काळी सर्वेक्षणाच्या कचेरीत 'कॉम्प्युटर' हे माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. राधानाथ सिकदार १८३१ साली त्याच हुद्द्यावर रुजू झाले. त्यांची हत्यारे म्हणजे लॉगरिदमची कोष्टके. मुंबई इलाख्यात आणि त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम केलेल्या रॉबर्ट शॉर्टरीड या अधिकाऱ्याने १८४४ साली अशी मोठी कोष्टके प्रसिद्ध केली. ती किती दशांश स्थळांची होती? सात!

म्हणजे आजच्या चित्र-कार्डाजवळ जेवढे अंक आहेत जवळपास तेवढ्याच अंकांत त्या माणसांनी देश मोजला. मग त्यांची भिंत थरथरली कशी नाही? कारण ते विषुववृत्तापासून टेप लावत नसत. एक त्रिकोण घ्यायचा, त्याची बाजू काढायची. एक लाख फुटांची बाजू सात अंकांत लिहिली तरी फुटाच्या दहाव्या भागापर्यंत जाता येते. मग ती बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. शेजाऱ्यापासून शेजाऱ्याचे अंतर काढत जायचे, आणि जगातले स्थान शेवटी, वेगळ्या हिशेबात. गावाची मोजणी करणाऱ्यांनी तर याहून साधा मार्ग पत्करला. मध्य प्रांतातील गावनकाशे १६ इंचांस १ मैल या मापाचे. प्रत्येक गाव आपल्याच शिवेच्या दगडांपासून मोजलेले. शेजारच्या गावाचा नकाशा जोडायला गेले तर कडा जुळतीलच असे नाही. त्या मापावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर जवळजवळ दोन मीटर रुंद होते. धानाच्या बांधीचा अख्खा धुरा त्या रेघेत बुडून जाई. तरीही कोणाला नकाशा थरथरताना दिसला नाही, कारण कागद हवा तेवढा मोठा करून पाहता येत नाही. भिंगाखाली धरला तर रेघच जाड दिसते, आणि नकाशा किती खरा आहे ते रेघच सांगून टाकते. संगणकाच्या पडद्यावर रेघ कितीही जवळ गेले तरी बारीकच राहते. ही सभ्यता आहे की लबाडी, ते वाचकांनी ठरवावे.

पडद्यावर आराखडा काढण्याची सुरुवात झाली तेव्हा हा प्रश्न उद्भवणे शक्यच नव्हते. आयव्हन सदरलँड याने १९६३ साली एम.आय.टी.मध्ये आपला स्केचपॅड हा प्रबंध सादर केला. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकाच्या सात इंची चौकोनी पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येत. चित्र सुमारे २००० पट मोठे करता येई. म्हणजे त्याचा सगळा कागद सात गुणिले दोन हजार, चौदा हजार इंच, साडेतीनशे मीटरांच्या आसपास. आपल्या एखाद्या मध्यम तलावाच्या पारीएवढे त्याचे जग. त्याची अडचण निराळी होती. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका पुन्हा पुन्हा उजळावा लागे, आणि ठिपके फार झाले की चित्र लुकलुके.

त्याच सुमारास, १९६२ साली, आय.बी.एम.मधील जॅक ब्रेसनहॅम हा कागदावर लेखणी चालवणाऱ्या यंत्रासाठी तिरपी रेघ कशी काढावी या विचारात होता. लेखणी फक्त ठरावीक पावलेच टाकू शके. केवळ पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करून पुढचे पाऊल कुठे टाकायचे हे ठरवण्याची त्याची रीत १९६५ साली प्रसिद्ध झाली आणि ती अजून शिकवली जाते. तिरप्या रेघेच्या पायऱ्या दिसतात हा पडद्याचा सर्वांत जुना आजार. गुण अजून पूर्ण आलेला नाही, फक्त ठिपके बारीक झाल्याने कळ जाणवत नाही.

लुकलुकण्यावर उपाय म्हणून टेक्ट्रॉनिक्स कंपनीने चित्र स्वतःच धरून ठेवणारी नळी वापरली. १९७२ सालचा ४०१० हा त्यांचा पडदा गाजला. हिरव्या रेघा, स्थिर, सुबक. पण एखादी रेघ पुसायची सोय नाही! पुसायचे तर सारा पडदा एका लखलखाटासरशी कोरा करून चित्र पहिल्यापासून काढायचे. अशा सक्तीतून 'पुन्हा काढा' ही आज्ञा आराखडेकारांच्या हाडीमाशी खिळली. डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅडची पहिली आवृत्ती आली आणि आराखडा टेबलावरच्या लहान संगणकावर उतरला. ते संगणक मंद होते. म्हणून सगळ्या रेषांचा अपूर्णांकी हिशेब एकदाच करून त्यांची पूर्णांकांतील नक्कल एका आभासी पडद्यावर ठेवीत. तो सुमारे ३२,००० गुणिले ३२,००० ठिपक्यांचा होता. या नक्कलीतून चित्र दाखवले की पटकन दिसे, पण फार जवळ गेले की नक्कल अपुरी पडे आणि सारा हिशेब नव्याने करावा लागे. तोवर वर्तुळ बहुकोनी दिसे, कारण नक्कलीत वर्तुळे नसतात, लहान सरळ रेषाच असतात. 'रीड्रॉ' म्हणजे नक्कल पुन्हा रंगवणे, 'रीजन' म्हणजे मूळ आकड्यांवरून नवी नक्कल करणे, हा भेद आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही पाठ केला होता. समजला मात्र फार उशिरा. १९९० च्या दशकात हा आभासी पडदा कित्येक पटींनी मोठा झाला, पुढे चित्र-कार्डांनी काम उचलले. तरी मूळ रचना तीच राहिली, की खरा आराखडा एकीकडे आणि आपल्या डोळ्यांसाठी केलेली कमी अंकांची नक्कल दुसरीकडे. पडद्यावर विचित्र काही दिसले तर पहिला प्रश्न हाच विचारावा, की मूळ बिघडले की नक्कल?

त्या आराखड्यात आणखी एक दुखणे होते, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'सलंग', 'तुडुम', गट क्रमांक ही नावे मुलांनी हौसेने देवनागरीत लिहिली होती. दुसऱ्या संगणकावर त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे आणि रोमन अक्षरांचा काला उमटला. याचाही इतिहास आपल्या घरचाच आहे. भारतीय लिप्यांसाठी कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले काम १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्ट या नावाने वाढले. भारतीय लिप्यांचे इस्की हे मानक १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाले. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली आहे. मानक असूनही छपाईच्या दुकानांनी आपापले टंक वेगळे केले. त्यांत 'क' हे अक्षर खरे तर एखाद्या रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असे, तो टंक नसला की मुखवटा गळून पडे. आराखड्यांच्या आज्ञावल्यांत तर आणखी जुनी रीत होती; अक्षर म्हणजे लेखणीच्या काही सरळ फटकाऱ्यांची यादी. काना-मात्रा, जोडाक्षरे यांना त्या यादीत जागाच नव्हती. उपाय एकच होता. मुलांनी सगळी नावे युनिकोडमध्ये पुन्हा टंकली. दोन तास गेले. 'तुडुम' कसा लिहावा यावर त्यांतला अर्धा तास.

भिंतीचा उपाय त्याहून कमी वेळात झाला, आणि तो लॅम्बटनला सहज समजला असता. सलंगाच्या कोपऱ्यावरचा एक पक्का दगड आम्ही आरंभबिंदू म्हणून निवडला. सगळ्या पूर्व-अंतरांतून एक ठरावीक पूर्णांक आणि उत्तर-अंतरांतून दुसरा ठरावीक पूर्णांक, असे ते वजा केले, की सलंगाचा दगड शून्याच्या जवळ यावा. वजाबाकी मूळ ६४ अंकी फाईलमध्येच केली; मुद्रणाच्या बिघडलेल्या फाईलमध्ये केली असती तर हरवलेले सेंटीमीटर परत आले नसते. आता सर्वांत दूरचा बिंदूही तीन-चारशे मीटरांवर. तेथे ३२ अंकी फट मिलिमीटराच्या शतांशांत. पडदा फिरवला. भिंत जागची हलली नाही.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. वजा केलेले दोन आकडे आराखड्याच्या कोपऱ्यातील चौकटीत ठळक लिहून ठेवले पाहिजेत, नाहीतर पुढच्या पिढीच्या हाती असा तलाव पडेल ज्याची भिंत मिलिमीटरपर्यंत खरी, पण जो पृथ्वीवर कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. जुन्या गावनकाशांचे नेमके हेच झाले, आणि ते जोडता जोडता भूमी अभिलेख खात्यातील माणसे आजही घाम गाळत आहेत. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली तेव्हापासून विषुववृत्तापासूनचे मोठे आकडे खेड्यापर्यंत पोचले आहेत. शाळांत त्रिमितीय मुद्रणयंत्रे आली आहेत. तेव्हा अशी भिंत दुसऱ्या कुठल्या गावातही बारीक होणारच.

वर्गात हे दाखवायला संगणक लागत नाही. चौकटीच्या वहीवर दर आठव्या आडव्या ओळीवर रंगीत पेन्सिल फिरवावी. उभ्या ओळी सगळ्या राहू द्याव्यात. मुलांना सांगावे, की टोके फक्त उभी ओळ आणि रंगीत आडवी ओळ जेथे मिळतात तेथेच ठेवता येतील. आता एक घर काढा, एक वर्तुळ काढा, चौदा घरे जाड अशी एक आडवी भिंत आणि तशीच एक उभी भिंत काढा. उभी भिंत सरळ येईल. आडव्या भिंतीची जाडी ८ येईल की १६, हे सुरुवात कुठून केली यावर ठरेल. मग वही किंचित सरकवून, म्हणजे रंगीत ओळी दोन घरे खाली घेऊन, तीच आकृती पुन्हा काढायला सांगावी आणि दोन्ही आकृत्या भराभर आलटून पालटून दाखवाव्यात. भिंत थरथरते ती अशी.

नवी प्रतिकृती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छापून झाली. शिक्षकांनी ती शाळेत न ठेवता ग्रामपंचायतीच्या ओसरीवर ठेवली, शेजारी जुनीही ठेवली, आणि त्या मुलीला लोकांसमोर उभे केले. तिने वहीवरच्या रंगीत ओळी दाखवून सगळे समजावले. मिस्त्री मागे खांबाला टेकून उभे होते. सगळे पांगल्यावर ते पुढे आले, खिशातून पट्टी काढली आणि नव्या प्रतिकृतीच्या भिंतीला लावून पाहिली. साडेचार. मग म्हणाले, "माझी उभी भिंत पण एकदा मोजून घ्या, ती पण मीच बांधली."

तीही मोजली. साडेचार.